न दिसलेला आदेश

टिकटॉकबंदीचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात पालघरपासून करावी लागते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर, नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद राहिली. त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या 'लाइक' केल्या आणि दोघींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ रद्द केलं. त्या आनंदात एका गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. इंटरनेटवरचा मजकूर रोखण्याचा अधिकार सरकारला देणारं कलम ६९अ त्याच निकालात शाबूत राहिलं.

एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने टिकटॉकचं डाउनलोड थांबवायला सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत ती बंदी उठली. पण तिथे निदान दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं गेलं, आदेशही कुणालाही वाचता आला.

पुढच्या वर्षी १५ जूनला गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान धारातीर्थी पडले. २९ जूनला, त्याच कलम ६९अ खाली, टिकटॉकसह ५९ चिनी अॅप बंद. देशात टिकटॉक वापरणारे तेव्हा सुमारे २० कोटी होते. त्यांच्या हाती आलं ते सरकारचं प्रसिद्धिपत्रक. मूळ आदेश नाही. या कलमाखालच्या २००९ च्या नियमांनी अशी कारवाई गोपनीय ठेवली आहे. जानेवारी २०२१ मध्ये बंदी कायमची झाली, तीही तशीच.

लॉकडाउनमध्ये बांधावरच्या दगडाला मोबाइल टेकवून नाचणारी, नकला करणारी गावाकडची माणसं आठवा. ना ओळख, ना इंग्रजी, ना स्टुडिओ. तरी लाखो लोक त्यांना बघत होते. तो प्रेक्षक एका रात्रीत गेला. जुलैतच इन्स्टाग्रामचं रील्स भारतात आलं, पण तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि सगळ्यांना ती जमली नाही.

सुरक्षेची भीती मी खोटी मानत नाही. सरकारी गुप्तचर यंत्रणांना सहकार्य करण्याचं बंधन चीनच्या २०१७ च्या कायद्याने तिथल्या कंपन्यांवर घातलेलंच आहे. पण काळजी नागरिकाच्या माहितीची होती, तर ती जपणारा कायदा आधी यायला हवा होता. तो संसदेत मंजूर झाला ऑगस्ट २०२३ मध्ये. तोवर त्याच माणसाची तीच माहिती दुसऱ्या कंपन्या बिनबोभाट गोळा करत राहिल्या. नागरिकाने काय वापरावं हे सरकारने ठरवलं. त्याच्या हातात मात्र कुठलाच हक्क दिला नाही.

अमेरिकेतही टिकटॉकविरोधी कायदा झाला, २०२४ मध्ये. तिथे कंपनीबरोबर व्हिडिओ करणारी साधी माणसंही न्यायालयात गेली. जानेवारी २०२५ मध्ये ती हरली, पण का हरली हे निकालपत्रात पानापानांवर लिहिलेलं आहे. आपल्या २० कोटी लोकांना एवढंसुद्धा मिळालं नाही. गोपनीयतेचा तो नियम काढून टाका आणि २०२० चा आदेश आता तरी लोकांसमोर ठेवा, ही मागणी आपण लावून धरायला हवी.