मोनोला गर्दी झाली, तो दिवस

मुंबईच्या मोनोरेलला दहा-अकरा वर्षे पुरेसे प्रवासी मिळाले नाहीत. मिळाले, त्याच दिवशी ती अडकली. १९ ऑगस्ट २०२५. पावसाने हार्बर मार्गावरच्या लोकल ठप्प झाल्या आणि एरवी मोनोकडे ढुंकूनही न पाहणारे लोक तिच्या फलाटांवर लोटले. १०४ टन पेलणाऱ्या गाडीत भार १०९ टनांवर गेला, वीजपट्टीशी तिचा संपर्क तुटला आणि म्हैसूर कॉलनी ते भक्ती पार्कदरम्यान ती अधांतरी उभी राहिली. अग्निशमन दलाने ५८२ जणांना बाहेर काढले.

लोक स्वतः का उतरले नाहीत? मोनोला रूळ नसतात. काँक्रीटच्या एकाच तुळईवर ती रबरी चाकांनी मांड ठोकते, आणखी चाके तुळईला दोन्ही अंगांनी धरून ठेवतात. मेट्रोच्या पुलावरून निदान चालत जाता येते. इथे दाराबाहेर पाऊल ठेवायलाच जागा नाही. अरुंद रस्त्यांवरून वळणे घेता येतात, जागा कमी लागते, हे या तंत्राचे कौतुक. त्याच कौतुकाने त्या संध्याकाळी माणसे कोंडली.

प्रवाशांचे गणित मात्र त्याआधीच फसले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा टप्पा सुरू झाला, तेव्हा हौशींच्या रांगा लागल्या. हौस फिटली, रांगा सरल्या. तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांच्या कुंपणांजवळून वडाळ्याच्या डेपोपर्यंत रोज जाणार कोण? नायगाव, लोअर परळ या कामाच्या भागांत मोनो पोहोचली ती मार्च २०१९ मध्ये. दरम्यान नोव्हेंबर २०१७ मध्ये आग लागून दोन डबे जळाले आणि सेवा जवळपास दहा महिने बंद राहिली. पुढे गाड्याच अपुऱ्या, म्हणून दुसरी यायला पंधरा-वीस मिनिटे. लोकलच्या वेगाला सरावलेला मुंबईकर तेवढा ताटकळत नाही. मग अधिकारी म्हणणार, मागणीच नाही! (दुकान अर्धे बंद ठेवून गिऱ्हाईक नाही म्हणावे, तसे.)

२० सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्या आणि नव्या सिग्नल यंत्रणेसाठी सेवा थांबवली गेली. नोव्हेंबरमध्ये वडाळ्याला चाचणीतच एक नवी गाडी तुळईवरून कलंडली. घाई नको. पण दर पाच-सहा मिनिटांनी गाडी देता येत असेल आणि लोकल बंद पडेल त्या दिवशी फलाटाच्या दारातच गर्दी अडवणारी माणसे नेमली असतील, तरच मोनोला मुंबईकरांकडून तिकिटाचे पैसे घेण्याचा अधिकार आहे.