सातबाऱ्यावरचे नाव आणि मालकी

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा: पहिल्यात जमिनीवरचे हक्क, दुसऱ्यात पिके. सातवर ज्याचे नाव त्याला गाव मालक म्हणते, पण उताऱ्यावर शब्द असतो ‘भोगवटादार’. सारा कोणाकडून वसूल करायचा, एवढ्यासाठीच मुळात ही नोंद सुरू झाली. जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार ती खरी धरली जाते, पण विरुद्ध शाबीत होईपर्यंतच. फेरफाराने, म्हणजे उताऱ्यावरचे नाव बदलण्याच्या नोंदीने, मालकी मिळत नाही आणि जातही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे.

मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखत, बक्षीसपत्र किंवा वारसा यांतून. साठेखत हा पुढे खरेदीखत करून देण्याचा नुसता करार. कुलमुखत्यारपत्रावर ‘घेतलेल्या’ जमिनीची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालाने स्पष्ट केले. तरी असे व्यवहार होतच असतात.

भोगवटादार वर्ग 1 ची जमीन सहसा मोकळेपणी विकता येते. वर्ग 2 च्या हस्तांतरणावर शासनाची बंधने असतात. घाईत नजरेतून सुटतो तो ‘इतर हक्क’ हा रकाना. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, वाटेचा हक्क, ‘कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र’ हा हस्तांतरणावरचे बंधन सांगणारा शेरा, सारे तिथेच असते. जुन्या उताऱ्यांत कमी केलेले नाव कंसात दिसते आणि जवळ वर्तुळात फेरफार क्रमांक. तो फेरफार काढून वाचला की नाव वारसाने गेले, विक्रीने की हक्कसोडपत्राने, ते कळते.

वकील साधारण 30 वर्षांचे दस्त तपासून सर्च रिपोर्ट देतात. पण वारस नोंदीत डावललेली बहीण किंवा दस्तावरची खोटी सही त्यात दिसेलच असे नाही. अशा दडलेल्या दोषांचे नुकसान भरून देणारा टायटल विमा 1876 मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाला. भारतात बांधकाम प्रकल्पांसाठीच्या रेरा कायदा, 2016 च्या कलम 16 ने तो बिल्डरवर टाकला, मात्र राज्य शासन अधिसूचना काढील तेव्हा. टायटल सदोष निघाल्यास कलम 18 नुसार ग्राहकाला बिल्डरकडून भरपाई मागता येते आणि त्या मागणीला मुदतीची अडचण नाही. शेतजमीन घेणाऱ्याला मात्र रेरातले हे काहीच लागू नाही. त्याच्यासाठी जुने फेरफार आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस हीच वाट आहे.