रिलेची साक्ष
९ फेब्रुवारी २०२२. पुण्याच्या आसपास पहाटे दाट धुकं पडलं होतं. धुकं आणि दव यांमुळे महापारेषणच्या लोणीकंद आणि चाकण इथल्या ४०० केव्ही वाहिन्यांवर एकामागून एक ट्रिपिंग झालं, म्हणजे त्या आपोआप बंद पडल्या. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा बंद पडला.

शनिवार पेठेतल्या घरात वीज गेली की संशय आधी जातो तो फ्यूजवर, नाहीतर रस्ता खोदताना तुटलेल्या केबलवर. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण कधी कधी मूळ शहराबाहेरच्या एखाद्या मनोऱ्यावर असतं. इन्सुलेटरवर धूळ साचते, दवाने ती ओली होते आणि तिच्यातूनच प्रवाह जमिनीकडे धावतो. काही क्षणांत सगळं संपतं. नेमकं काय झालं याची साक्ष उरते ती उपकेंद्रातल्या संरक्षक रिलेकडे.

रिलेचं मूळ काम पहारा देण्याचं. करंट आणि व्होल्टेज यांवर त्याची अखंड नजर असते. दोष दिसला की तो वीजप्रवाह तोडणाऱ्या ब्रेकरला उघडायला सांगतो. जुन्या यांत्रिक रिलेचा फक्त खुणेचा फ्लॅग पडायचा. ऑपरेटर तो पाहून वहीत नोंदवायचा आणि रीसेट करायचा. १९८४ मध्ये अमेरिकेत एडमंड श्वाइत्झर यांच्या कंपनीने संगणकीय रिले बाजारात आणला. मग वाहिनी वाचवणारं यंत्रच तिच्या दोषाची नोंदही ठेवू लागलं.

या नोंदीला अभियंते ‘डीआर’, म्हणजे डिस्टर्बन्स रेकॉर्ड म्हणतात. पडद्यावर ती उघडली की तीन फेजचे व्होल्टेज आणि तीन करंट लहरींसारखे समोर येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून एक लहर २० मिलिसेकंदांची. समजा, तीनपैकी आर फेजला दोष आला. त्या फेजची व्होल्टेजची लहर अचानक खुजी होते, करंटची फुगते. खालच्या रेषांवर रिले कधी जागा झाला, ट्रिपचा हुकूम कधी सुटला, ब्रेकर कधी उघडला हे दिसतं. ४०० केव्हीवरचा दोष १०० मिलिसेकंदांत तोडावा, असा आपल्याकडचा नियम आहे. म्हणजे सगळं नाट्य जेमतेम पाच लहरींचं. त्यातूनच रिले दोषाचं अंतर किलोमीटरमध्ये सांगतो आणि लाइनमनना कोणत्या मनोऱ्यांकडे जायचं ते कळतं.

मात्र रिलेची स्मृती मर्यादित असते. नवी ट्रिपिंग येत गेली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. म्हणून डीआर वेळेवर काढून घेणं, त्यावर उपकेंद्र, वाहिनी आणि तारीख घालणं, ती एका जागी जपणं हे संरक्षणाइतकंच महत्त्वाचं काम आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या नोंदी एकत्र वाचता याव्यात म्हणून १९९१ मध्ये ‘कॉमट्रेड’ हा सामाईक नमुना ठरला. सर्व रिलेंची घड्याळं जीपीएसने जुळलेली हवीत. नाहीतर आधी काय पडलं आणि नंतर काय, हेच कळत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनुसार मोठ्या बिघाडानंतर अशा नोंदी २४ तासांत प्रादेशिक भार प्रेषण केंद्राकडे द्याव्या लागतात. पश्चिम विभागाचं हे केंद्र मुंबईत अंधेरीला आहे.

नोंदींचं मोल जुलै २०१२ मध्ये देशाला कळलं. ३० तारखेला मध्यरात्रीनंतर आणि ३१ ला दुपारी ग्रिड, म्हणजे विजेचं सामाईक जाळं, कोसळलं. दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. दोन्ही वेळा सुरुवात बिना-ग्वाल्हेर या ४०० केव्ही वाहिनीच्या ट्रिपिंगने झाली. चौकशीत निघालं की वाहिनीवर शॉर्टसर्किट नव्हतंच. तिच्यावरचा बोजा इतका वाढला होता की रिलेच्या ‘झोन-३’ने, म्हणजे दूरच्या दोषांवर नजर ठेवणाऱ्या टप्प्याने, त्यालाच दोष मानलं. जपलेल्या आकड्यांशिवाय हा निष्कर्ष निघाला नसता, आणि शोध भलत्याच मनोऱ्यांवर चालू राहिला असता.

धुक्याच्या दोषांनाही हेच लागू पडतं. काही वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर त्याच पट्ट्यात, त्याच महिन्यांत दोष पुन्हा येतो का हे दिसतं आणि इन्सुलेटर आधी कुठे धुवायचे, कुठे पॉलिमरचे बसवायचे हे ठरवता येतं. अशा वेळी ‘तांत्रिक बिघाड’ एवढ्या दोन शब्दांवर ग्राहकाची बोळवण होऊ नये. मोठ्या ट्रिपिंगनंतर डीआरवरून निघालेलं कारण वीज कंपन्यांनी सोप्या मराठीत प्रसिद्ध करावं आणि पुणेकरांनीही ते आवर्जून मागावं.