बांधकामावरचं उष्टं

आमच्या नगरकडं जुनं माळवद उतरवलं, की फारसं काही वाया जात नसे. तुळई नव्या घरात जाई, काळा दगड पायात बसे आणि भिंतीची पांढरी माती भिजवून, तुडवून पुन्हा भिंतीतच येई. सिमेंटचं तसं नाही. कवितेची ओळ मी खोडून पुन्हा लिहितो. आळलेलं सिमेंट पुन्हा कालवता येत नाही. म्हणून काटकसर कामाआधीच करावी लागते.

सळईचंच पाहा. ती साधारण 12 मीटरची येते. साडेतीन मीटरचेच तुकडे कापत गेलं, तर दर सळईमागे दीड मीटर उरते. तिच्यातूनच साडेतीनचे दोन आणि पाचाचा एक काढला, तर भंगारात काहीच जात नाही! पण कुठल्या लांबीच्या किती सळया लागणार, ही यादी कापणाऱ्याच्या हाती आधी हवी. लहान घरांच्या कामावर ती मला क्वचितच दिसते.

सिमेंटचं पोतं 50 किलोचं. जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलं की ओल धरतं. ते फळ्यांवर रचावं, आधी आलेलं आधी वापरावं. तीन महिने पडून राहिलं, तर तपासल्याशिवाय घेऊ नये. जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर मोठा घाणा कालवू नये. गवंड्याला हे ठाऊक असतं. घाई मालकाचीच असते.

2016च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला 20 टन वा अधिक मलबा काढणाऱ्यांना काँक्रीट, माती, लोखंड, विटा वेगळ्या करायला सांगितलं. दोन खोल्यांच्या घराला एवढं कोण विचारतो? पण कर्ज काढून आणलेलं पोतं दगड झालं, तरी त्याचे हप्ते चुकत नाहीत. तुटक्या विटा मात्र ओढ्यात नेऊन टाकू नका; गच्चीच्या कोब्याला त्याच लागतात.