घरच्या संगणकाची चोरी आणि क्षेत्रकार्याची सामग्री

घरफोडीचा विषय भाषाशास्त्राच्या पत्रिकेत यावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आज आपल्यापैकी बहुतेकांची ध्वनिमुद्रणे, लिप्यंतरे आणि शब्दसूची विभागाच्या कपाटात नसून घरच्या टेबलावरील लॅपटॉपमध्ये असतात. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर भाड्याच्या खोलीत.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत प्रस्तुत लेखकाच्या एका सहकाऱ्याचे घर फुटले. लॅपटॉप गेला. मुद्रणांची दुसरी प्रत ज्या हार्ड डिस्कवर होती ती त्याच पिशवीत होती, म्हणून तीही गेली. मेळघाटातील कोरकू कथनांची ती ४० तासांची मुद्रणे होती. पुढल्या वर्षी तो पुन्हा त्या गावी गेला, तेव्हा दोन निवेदक हयात नव्हते. उरलेल्यांनी कथा आनंदाने पुन्हा सांगितल्या; पण कथानक तेच असले तरी वाक्ये ती नव्हती, आणि ज्या क्रियारूपांवर त्याने निबंध लिहिला होता त्यांतील कित्येक उदाहरणांना आता आधार उरला नाही.

चोरास हवे असते ते यंत्र. आपली हानी मात्र दोन प्रकारची होते: सामग्री नाहीशी होते आणि ती परक्याच्या हाती पडते. या दोहोंवरचे उपाय परस्परविरोधी आहेत, हे पुरेसे ध्यानात घेतले जात नाही. नाशापासून बचाव करावयाचा तर प्रती वाढवाव्या लागतात. परंतु जितक्या प्रती अधिक तितकी त्यांतील एखादी परहस्तगत होण्याची शक्यता अधिक.

प्रथम नाशाविषयी. १०,००० हून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे जनगणनेच्या प्रसिद्ध कोष्टकांत स्वतंत्रपणे येत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात बोलली जाणारी निहाली घ्या. कोणत्याही ज्ञात भाषाकुलात तिचे स्थान निश्चित झालेले नाही; कायपर यांचा तिच्यावरील तौलनिक अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध झाला. अशा भाषेचे एखाद्या संशोधकाच्या घरी असलेले मुद्रण हा कदाचित त्या बोलण्याचा एकमेव पुरावा असतो. म्हणून तीन प्रती, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा प्रचलित नियम आपणही पाळावा. त्यातील शेवटचे अंग सर्वांत महत्त्वाचे व सर्वांत उपेक्षित आहे. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट व दोन वाहिन्या या मापाचे असंपीडित मुद्रण ताशी सुमारे १ गिगाबाइट जागा घेते. म्हणजे ४० तासांची सामग्री ६४ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर मावते आणि तो नातेवाइकांच्या घरी ठेवता येतो. आंतरजालावरील साठवणही उपयुक्त आहे. परंतु जी सेवा केवळ समकालन करते, म्हणजे एका ठिकाणी पुसलेले सर्वत्र पुसते, तिला प्रत म्हणणे धाडसाचे होय. पूर्ण झालेली सामग्री संग्रहालयात जमा करणे सर्वांत उत्तम. २००३ साली ऑस्ट्रेलियात स्थापन झालेला पॅराडिसेक हा अशाच मुद्रणांचा संग्रह आहे.

आता परहस्तगत होण्याविषयी. संगणक सुरू करताना विचारला जाणारा पासवर्ड म्हणजे कुलूप, हा समज चुकीचा आहे. आतील डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडली की, ती कूटलिखित नसल्यास, सर्व काही वाचता येते. निवेदक आपल्यासमोर केवळ लोककथा सांगत नाही. ओघात जमिनीचे वाद, सुनेची तक्रार, सावकाराचे नाव हेही येते. यासाठी संपूर्ण डिस्कचे कूटलेखन, म्हणजे व्यवहारातील एन्क्रिप्शन, आवश्यक आहे. विंडोजमध्ये बिटलॉकर, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट व स्वतंत्रपणे मिळणारे व्हेराक्रिप्ट हे काम करतात. वर सांगितलेला विरोध येथेच मिटतो, कारण प्रत्येक प्रत कूटलिखित असेल तर प्रती वाढविण्याचे भय उरत नाही. मात्र बिटलॉकरची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये. ती हरवल्यास आपलीच सामग्री आपणांस बंद होते. गावी जाताना यंत्र निद्रितावस्थेत न ठेवता पूर्ण बंद करावे, कारण निद्रितावस्थेत कूटलेखनाची किल्ली स्मृतीत जिवंत असते. निवेदकांची नावे व गावे मुद्रणांसोबत न ठेवता वेगळ्या यादीत ठेवावी आणि मुद्रणांस केवळ क्रमांक द्यावे.

कुलपे, जाळ्या, खिडकीतून यंत्र दिसू न देणे यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ज्या लॅपटॉपला खाच असते त्यास पोलादी तार बांधता येते. ती घाईतल्या चोरास अडविते, निश्चयी चोरास नाही.

यंत्राचा अनुक्रमांक आणि पावतीचे छायाचित्र यंत्राबाहेर असावे. १ जुलै २०२४ पासून राहत्या घरातील चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली येते. तक्रार नोंदविताना, आणि वस्तू सापडल्यास ती आपलीच आहे हे दाखविताना, हाच क्रमांक उपयोगी पडतो. तक्रारीच्याही आधी दुसऱ्या यंत्रावरून सर्व पासवर्ड बदलावे. डिस्क कूटलिखित नसेल, तर ज्यांचे बोलणे तिच्यात होते त्या निवेदकांस स्वतः जाऊन तसे सांगावे. आमच्या सहकाऱ्यास त्या दुसऱ्या प्रवासात हेच सर्वांत अवघड गेले.