भिंतीवरचे वचन आणि बाबेलचे पत्र

नाताळ आटोपला की मराठी ख्रिस्ती घराच्या स्वयंपाकघरात नवे कॅलेंडर चढते. वर उगवत्या सूर्याचे नाहीतर हिरव्या कुरणातल्या मेंढरांचे चित्र, त्याखाली ठळक अक्षरांत एक वचन. आणि खाली तारखांच्या चौकोनांत घरच्यांच्या हाताने भरत जाणारा महिना: दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, हप्त्याचा दिवस, डॉक्टरकडे पुन्हा जायचे त्या तारखेभोवती गोल. अशा ठळक अक्षरांत छापल्या जाणाऱ्या वचनांमध्ये यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन फार लाडके आहे. देव तुमचे भलेच योजतो आहे, वाईट नव्हे, पुढे आशेला जागा आहे, असा त्याचा आशय. निकालाच्या आदल्या दिवशी, मुलाखतीच्या सकाळी, ऑपरेशनच्या आधी ते मोबाइलवरून फिरते, लग्नपत्रिकेवर छापले जाते, समोरच्याला काय बोलावे ते सुचत नसेल तर तेवढेच पाठवले जाते. त्यात गैर काही नाही. पण हे वचन मुळात एका पत्रातली एक ओळ आहे, आणि ते पत्र सबंध वाचले की दिलाशाची जातच बदलते. संकट लवकर सरेल असे हे वचन सांगतच नाही. संकट लांबणार आहे हे गृहीत धरून ते बोलते, आणि रोजच्या ओढाताणीत उपयोगी पडते ते यामुळेच, असे माझे म्हणणे आहे.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले. तरुण राजा, राजमाता, दरबारी, कारागीर आणि लोहार अशी निवडक माणसे त्याने बंदिवान करून बाबेलला नेली. उरलेल्यांवर एक मांडलिक राजा बसवला. मंदिर अजून उभे होते, पण त्यातली पात्रे गेली होती. बाबेलमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर या बंदिवान राजाला आणि त्याच्या पाच मुलांना किती तेल मोजून दिले याची नोंद आहे. गादी गेली, शिधा तेवढा सुरू राहिला. संदेष्टा यिर्मया मागे यरुशलेमातच राहिला होता. तिथून त्याने बंदिवासातल्या लोकांना राजाच्या जासूदांबरोबर जे पत्र पाठवले, तेच हा एकोणतिसावा अध्याय.

पण त्याच्या आधीचा, अठ्ठाविसावा अध्याय वाचल्याखेरीज पत्राची धार कळत नाही. त्या दिवसांत यिर्मया मानेवर लाकडी जोखड घालून शहरात हिंडत होता: बाबेलचे जू काही काळ मानावेच लागेल, अशी खूण म्हणून. मंदिरात सर्वांदेखत हनन्या नावाचा संदेष्टा पुढे आला आणि त्याने जाहीर केले की दोन वर्षांच्या आत सगळे परत येईल, राजा येईल, माणसे येतील, मंदिराची पात्रे येतील. हे सगळे त्याने देवाच्याच नावाने सांगितले, आणि यिर्मयाच्या मानेवरचे जोखड काढून मोडून टाकले. लोकांना कोणाचे बोलणे गोड वाटले असेल ते सांगायला नको. गंमत अशी की यिर्मया स्वतः त्यावर आमेन म्हणाला. असे झाले तर बरेच होईल, पण शांतीचे भाकीत करणारा खरा की खोटा हे ते भाकीत घडल्यावरच कळते, एवढे बोलून तो निघून गेला. पुढे त्याला आलेला संदेश असा की लाकडाचे जोखड मोडून तुम्ही लोखंडाचे ओढवून घेतले आहे. हनन्या दुष्ट होता असे या गोष्टीत कुठे दिसत नाही. त्याची भाषा भक्तीची, देव तोच, आशाही तीच. त्याने फक्त मुदत कमी केली. भक्तिपर दिलाशात खोट शिरते ती बहुतेक वेळा इथूनच.

यिर्मयाने मुदत दिली ती सत्तर वर्षांची. म्हणजे पत्र हातात धरून वाचणाऱ्या बहुतेक प्रौढ माणसांना स्वतःच्या हयातीत परत जाता येणार नव्हते. लाडक्या अकराव्या वचनाच्या लगेच वर, दहाव्या वचनात, हे स्वच्छ लिहिले आहे. कॅलेंडर छापणारे ते सहसा गाळतात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? सत्तर वर्षे थांबा असे भिंतीवर कोण लावणार! त्याच्याही आधी पत्रात कामांची यादी येते: घरे बांधून त्यांत राहायला लागा, मळे लावून त्यांचे उत्पन्न खा, मुलाबाळांची लग्ने करा. आणि ज्या शहराने तुम्हाला पकडून आणले त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचे बरे झाले तर तुमचेही होईल. ही शेवटची मागणी आजही गळ्याखाली उतरत नाही. तेव्हाही उतरली नव्हती. बाबेलमधल्या शमाया नावाच्या एका माणसाने यरुशलेमच्या याजकाला उलट पत्र धाडले की असल्या वेड्याला तुम्ही खोड्यात का घालत नाही. धीर देणाऱ्या या पत्राला आलेले जे एक उत्तर बायबलमध्ये नोंदले आहे, ते हे.

तरीही बंदिवानांनी ती कामे केली. बाबेलच्या मुलुखात यहूद्यांची वस्ती असलेल्या अल याहूदू या गावाशी निगडित मातीच्या पाट्या २०१४ साली सविस्तर प्रसिद्ध झाल्या. त्यांतली सर्वांत जुनी इ.स.पू. ५७२ ची आहे. कोणी सरकारी जमीन कसतो, कोणी जव आणि खजुराच्या रूपात देणे चुकवतो, कोणी कर्ज घेतो, कोणी वाटणी करतो. देवाचे नाव गुंफलेली यहूदी नावे आणि त्यांच्यासमोर रुक्ष हिशोब. यिर्मयाच्या पत्राचे पुढे काय झाले ते भाविकाला कुठे शोधायचे असेल तर या हिशोबांत शोधावे. परतीची वाट इ.स.पू. ५३८ च्या सुमारास इराणी राजा कोरेश याच्या आज्ञेने उघडली तेव्हा कित्येक जण गेलेच नाहीत, इतकी घरे रुजली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात मला सूर्योदयाच्या चित्रापेक्षा सिलिंडरची तारीख या पत्राच्या जवळची वाटते, ती त्यामुळे.

मग वचन पत्रातून सुटे कसे झाले? रोज एक वचन ही रीत जुनी आहे आणि तिचा इतिहास हृद्य आहे. जर्मनीतल्या हेर्नहूट या गावी, मोराविया सोडून आलेल्या निर्वासितांच्या मंडळीत, १७२८ साली रोज घरोघर एक वचन सांगण्याचा परिपाठ सुरू झाला. १७३१ पासून वर्षभराच्या वचनांचे पुस्तक निघू लागले आणि ते अजून दरवर्षी निघते. त्यातली जुन्या करारातली वचने चिठ्ठ्या टाकून काढतात. तिथे वचन सबंध मंडळीसाठी होते, एकाच सकाळी सगळ्यांनी मिळून ऐकायचे. पुढे उपमा बदलली. लंडनचे नामांकित उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी १८८८ साली रोजच्या वाचनाचे पुस्तक काढले, त्याच्या नावातच वचनांना विश्वासाच्या पेढीचे चेकबुक म्हटले आहे. स्पर्जन यांना स्वतःला दीर्घ दुखणे आणि खोल उदासी यांनी वर्षानुवर्षे गाठले होते, त्यामुळे त्यांच्या हातात ही उपमा उथळ नव्हती. पण चेक म्हटला की तो माझ्या नावाचा असतो, त्यावर तारीख असते आणि तो वटला पाहिजे असतो. पत्राचे तसे नसते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसलेल्या बाईला संदर्भासहित स्पष्टीकरण नको असते. तिला एक ओळ हवी असते, आणि त्या ओळीने तिला रात्र निभावता आली तर अभ्यासकांनी मध्ये बोलू नये. मान्य. त्या रात्री कोणी बोलूही नये. प्रश्न त्या रात्रीचा नाही, त्यानंतरच्या पाचव्या महिन्याचा आहे. उपचार चालूच आहेत, नोकरी मिळालेली नाही, मुलगा अजून पितोच आहे, आणि चेक वटलेला नाही. अशा वेळी चेक समजून वचन वापरणाऱ्यापुढे दोनच निष्कर्ष उरतात: पेढी खोटी, नाहीतर सही करणाऱ्याचा विश्वास कमी पडला. मंडळीतली शेजारीण बहुधा दुसरा निष्कर्ष ऐकवते, आणि आजारी माणसाच्या उशाला अपराधी भाव ठेवून जाते. पत्र वाचलेल्याला हा पेच पडत नाही, कारण मुदत लांब आहे हे त्याला पत्रानेच सांगितलेले असते. शिवाय मराठी वाचकाला व्याकरणच एक गोष्ट सांगते. मराठी बायबलमध्ये देव एकट्या माणसाशी बोलतो तेव्हा ‘तू’ म्हणतो. या वचनात मात्र ‘तुम्ही’ आहे, मूळ हिब्रूतही अनेकवचनच. इंग्रजीत हा भेद बुजतो, आपल्याकडे ढळढळीत दिसतो. आशा एकाला नव्हे, वस्तीला दिली आहे. म्हणजे बाकावर बसलेल्या बाईसाठी डबा नेणे, तिच्या घरी पाणी भरून ठेवणे हेही त्या वचनाच्या पोटातच येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बंदिवासातही घरे बांधा हा उपदेश म्हणजे निमूट सोसण्याचा धडाच नव्हे का? दलित, पीडित माणसाला असे सांगणे धोक्याचे नाही का? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग ज्या घरांतून आला, त्या घरांना सोसण्याची शिकवण पिढ्यान्‌पिढ्या मिळालेलीच होती, म्हणून हा प्रश्न पुस्तकी नाही. याला उत्तर यिर्मयाच्याच पुस्तकात आहे. मजुराला फुकट राबवून, त्याची मजुरी बुडवून प्रशस्त माड्या चढवणाऱ्या राजाला त्याने बाविसाव्या अध्यायात तोंडावर झापले आहे. आणि देवालाही त्याने सोडले नाही. विसाव्या अध्यायात तो देवाने आपल्याला फसवले असे म्हणतो आणि आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. ज्याने आशेचे पत्र लिहिले त्यानेच हेही बोलून दाखवले, आणि संकलकांनी दोन्ही ठेवले. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा विलापाचा आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी उजेडाची तिरीपही नाही. चिंता करू नका असे फिलिप्पैच्या मंडळीला लिहिणारा पौल करिंथकरांना मात्र सांगतो की सर्व मंडळ्यांची चिंता मला रोज घेरते, आणि दोन्ही ठिकाणी ग्रीक शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात. तिथे गाऱ्हाणे म्हणजे तक्रारही आणि प्रार्थनाही, एकाच शब्दात दोन्ही. बायबलची प्रार्थना समजायला मराठीत याहून नेमका शब्द मला माहीत नाही. गाऱ्हाणे घालणारा निमूट नसतो. सुटका आज होणार नाही एवढे त्याला कळलेले असते, आणि म्हणून तो ओरडतोही आणि मळ्याला पाणीही घालतो.

श्रद्धा नसलेला वाचक म्हणेल की ही शेवटी मनाची समजूतच. असेल. पण मनाची समजूत घालायची तर हनन्याची दोन वर्षे हाताशी होती, अधिक खपाऊही होती. आपल्या लोकांना नकोसा आकडा सांगणारे आणि शत्रूच्या शहराचे भले चिंतायला लावणारे पत्र त्याच लोकांनी जपून ठेवले, याची संगती नुसत्या समजुतीने लागत नाही.

लांब मुदतीची कामे अंगावर घेणारा विश्वास कसा दिसतो हे पाहायला मराठी माणसाला बाबेलपर्यंत जायला नको, पुणे जिल्ह्यातले केडगाव पुरे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेली, १८८० साली भाऊ, १८८२ साली पती. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले तेव्हा अमेरिकेतल्या साहाय्यक मंडळाने मदत कबूल केली होती ती दहा वर्षांपुरती. त्यानंतरची सोय म्हणून केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना याच जागेचा आसरा झाला. पुढे तिथे छापखाना आला आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणायला घेतले, साध्या बाईला वाचता येईल अशा भाषेत. केडगावच्या या आश्रमातल्या, म्हणजे मुक्ती सदनातल्याच, बायका छापखान्यात खिळे जुळवत. वर्षामागून वर्षे गेली. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, आणि भाषांतर चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले ते १९२४ साली. यिर्मयाचे पत्र त्यात आहे, अकराव्या वचनाआधीच्या दहाही वचनांसकट.