कोठड्यांआधीचे अंदमान

जालना शहरालगत १८२७ साली वसविण्यात आलेली हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ साली मोडली आणि तिच्याबरोबर या भागाच्या स्मृतीतील एक प्रकरणही मोडीत निघाले. ही फौज निजामाची म्हणविली जाई. तिचा खर्च निजामाच्या माथी, अधिकारी मात्र इंग्रज. त्या खर्चाच्या थकबाकीपोटीच १८५३ साली वऱ्हाड निजामाच्या हातून गेले. जून १८५७ मध्ये याच फौजेच्या औरंगाबादेतील घोडदळाने, आपणांस दिल्लीच्या बादशहावर चालून जाण्यास नेले जात आहे अशा संशयाने, बंडाचा पवित्रा घेतला. जनरल वुडबर्न पुण्याहून सैन्य घेऊन आला, लष्करी न्यायालये बसली आणि देहान्ताच्या शिक्षा झाल्या.

या धगीची एक ठिणगी हैदराबादेपर्यंत पोहोचली. बुलढाण्याकडून निसटलेला जमादार चिदाखान आणि त्याचे साथीदार आश्रयाच्या आशेने राजधानीत गेले. दिवाण सालारजंगाने त्यांना रेसिडेंटच्या हवाली केले. त्यांच्या सुटकेसाठी १७ जुलै १८५७ रोजी सुमारे पाचशे लोक कोठी येथील रेसिडेन्सीवर चालून गेले. त्यांचे पुढारी दोन : तुर्रेबाजखान आणि मौलवी अल्लाउद्दीन. हल्ला फसला.

तुर्रेबाजखान पकडला गेला. जन्मठेप काळ्या पाण्याची ठरली. परंतु जहाजावर चढण्यापूर्वीच, जानेवारी १८५९ मध्ये, तो पहारेकऱ्यांसह हैदराबादच्या तुरुंगातून निसटला. त्याच्या शिरावर इनाम लागले आणि काही दिवसांतच तूप्रानच्या रानात फितुरीने घेरून त्याला मारण्यात आले. पुढे त्याचे प्रेत लोकांच्या दृष्टीस पडावे असे टांगण्यात आले. मौलवी अल्लाउद्दीन मात्र अंदमानात पोहोचला आणि तेथून परतला नाही.

अंदमान म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल उभा राहतो. जुलै १९१० मध्ये मार्सेय येथे जहाजाच्या खिडकीतून समुद्रात उडी घेणारे आणि जुलै १९११ मध्ये या तुरुंगाच्या दारात उभे राहिलेले सावरकर यांच्यामुळे ते साहजिकच आहे. परंतु सात बाह्यांची, सुमारे सातशे कोठड्यांची ती इमारत १८९६ ते १९०६ या काळात बांधली गेली. अल्लाउद्दीन त्यापूर्वीच्या अंदमानात गेला. तेथे भिंती नव्हत्या; समुद्र हीच भिंत. १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन तेथे उतरला आणि त्यांच्याच हातून जंगल तोडून घेतले गेले. ज्वर, जळवा, बेड्या आणि अर्धपोटी श्रम यांच्या जाचाने लोक पळू लागले. पळून जाणार कोठे, हा प्रश्न कोणी विचारला नसेल असे नाही. मरण दोन्हीकडे असेल तर माणूस मोकळ्या हवेतील मरण पत्करतो. परत सापडलेल्यांपैकी ८६ जणांना वॉकरने फासावर चढविले. कंपनीच्या धोरणाचा याहून उघडा हिशेब दुसरा नसेल.

या पलायनांतील सर्वांत विलक्षण, आणि सर्वांत अवघड, कथा दूधनाथ तिवारी या शिपायाची आहे. एप्रिल १८५८ मध्ये रॉस बेटावरून तो सोबत्यांसह पळाला. बाणांच्या वर्षावात बहुतेक सोबती मेले. जखमी तिवारीला अंदमानी लोकांनी जगविले, आपल्यात घेतले, त्याचे विवाहही लावून दिले. वर्षभराने त्याच लोकांनी, आपल्या अरण्यावर चाललेले आक्रमण थोपविण्यासाठी, वसाहतीवर हल्ल्याची तयारी केली, तेव्हा तिवारी परतला आणि त्याने इंग्रजांना सूचना दिली. मे १८५९ च्या अबरडीनच्या लढाईत धनुष्यबाण बंदुकांपुढे टिकले नाहीत. तिवारीला माफी मिळाली.

त्याला सरसकट गद्दार ठरविणे सोपे आहे. वसाहतीत त्याच्यासारखेच शेकडो कैदी होते आणि त्या हल्ल्यात तेही सापडले असते, हे लक्षात घ्यावे लागते. तथापि ज्यांनी परक्याला घरात घेतले त्यांची बाजू या इतिहासात फार थोडी नोंदली गेली. पलायनाच्या कथा आपण नेहमी पळणाऱ्याच्या नजरेने वाचतो, हा दोष वाचकांचाही आहे.

मराठवाड्यात १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होते तेव्हा १९४८ आठवते आणि ते योग्यच आहे. निजामाच्या छत्राखालून इंग्रजांशी झुंजलेले १८५७ चे शिपाई त्या दिवशी क्वचितच कोणाच्या तोंडी येतात. हैदराबादेत कोठी भागात तुर्रेबाजखानाचे स्मारक आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, काला चबुतऱ्याची जागा दाखविली जाते. जालन्याच्या शाळेतून निघालेली सहल त्या चबुतऱ्यापर्यंत दीड तासात पोहोचते.